बाहेरच्या ओसरीवरचे साडेचार महिने

मी एका हुशार विद्यार्थ्याला कचेरीत उमेदवारीला बसायला पाठवलं आणि नेमकं कुठं बसायचं ते सांगायला विसरलो. तो साडेचार महिने बाहेरच्या ओसरीवर बसला.

विसरलो म्हणतो, तेही खरं नाही. विसरायला आधी ते ठाऊक असावं लागतं. त्यात सांगण्यासारखं काही असेल, हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

उमरावतीच्या सरकारी शाळेत मी मास्तर होतो, ती वर्षं कापसाची. तिकडे अमेरिकेत कुठंतरी लढाई लागली होती आणि तिच्या पायी आमच्या गावात बैलांना भाव आला होता. ज्याच्याकडे गाडी तो शहाणा, ज्याच्याकडे दोन गाड्या तो पंच. दसरा उलटला की माझा वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. हजेरीला नाव पुकारावं आणि मागच्या बाकावरून उत्तर यावं, "तो खामगावले गेला." खामगावचा बाजार संपला की अकोल्याला गेला, अकोल्याहून आला की झोपला आहे. उरलेल्यांना मी पृथ्वी गोल असल्याचं शिकवायचो आणि खिडकीबाहेरून गाड्यांची रांग सरळ पुढं जात राहायची.

तरी दर वर्षी पाचसहा मुलं शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकायची आणि पास व्हायची. माझ्या कष्टाचा हंगाम तिथून सुरू व्हायचा. ज्यांचे बाप-काका कचेरीत, ती मुलं निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून दिसेनाशी होत आणि महिन्याभरानं कानावर बोरू खोचून भेटत. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. राहिलेली मुलं कुणब्यांची, माळ्यांची, एखादं तेल्याचं. घरात अक्षर ओळखणारा तोच पहिला. ही मुलं सर्टिफिकेट फडक्यात गुंडाळून माझ्या दारात उभी राहात. आता पुढं काय, असं तोंडानं विचारत नसत. नुसती उभी राहात. मग मी पागोटं घालायचो आणि निघायचो. कचेरी, तारऑफिस, रुईच्या अडतीवाल्या साहेबाचा बंगला, लोहमार्ग टाकणाऱ्या इंजिनेराचा तंबू. तंबूतला चपराशी मला लांबून ओळखायचा आणि मी बोलायच्या आत मान हलवायचा. पहिल्या वर्षी मला या फिरण्यात देशसेवा वाटली. चौथ्या वर्षी नुसते पाय दुखायचे.

माझं स्वतःचं काय झालं होतं ते सांगतो, म्हणजे चूक कुठून आली ते कळेल. मी साताऱ्याकडचा. माझे मामा तिथल्या कचेरीत कारकून. परीक्षा झाली तसा एके सकाळी मामांनी माझं मनगट धरलं, मला कचेरीत नेलं आणि सतरंजीवर आपल्या गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. तिथं मी सहा महिने नकला केल्या. पुढं शाळाखात्यात जागा निघाली, तीही मामांनाच आधी कळली. या सगळ्यात मी काय केलं असेल तर मनगट पुढं केलं. पण वऱ्हाडात आल्यावर मी मुलांना सांगायचो की मी माझ्या हिमतीवर चढलो. सांगून सांगून मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

तर तो मुलगा माळ्याचा. बडनेऱ्याच्या वाटेवर त्यांचा मळा होता, वांगी, मेथी, कडेला झेंडू. वय एकोणीस, हाताचं अक्षर मोत्यासारखं, गणित माझ्याहून बरं. ते बरं आहे हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. त्याला कचेरीत बसायचं होतं. का, ते त्यानं एकदाच सांगितलं. लहानपणी बापाबरोबर तो कचेरीत गेला होता. बापानं एका कागदावर अंगठा उठवला आणि घरी येईपर्यंत वाटेत तिघांना विचारलं की त्या कागदात काय होतं. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या.

दिवाळी झाल्यावर बाप माझ्याकडे आला. टोपलीभर वांगी ओट्यावर ठेवली आणि स्वतः खाली पायरीवर बसला. वर बसा म्हटलं तर म्हणाला, "इथीच बरं हाय."

मी म्हटलं, "मुलानं नाव काढलं तुमचं."

"काढलं असन," तो म्हणाला. "पन आता पुढं काय, मास्तर? म्या दुसरी गाडी घेतली हाय. हाकाले मानूस भेटून नाई राहिला. जो तो सोताचीच गाडी हाकून राहिला. हे पोट्टं म्हन्ते मले कचेरीत बसाचं हाय."

"बसेल की."

"कवा?"

मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, बघू म्हणजे कवा. शेवटी त्यानंच मुदत घातली. "पाडव्यापर्यंत वाट पायतो. पाडव्याले कचेरीवाल्यांनी त्याले आपलं म्हटलं तं ठीक. नाई तं गाडी."

टोपली मोकळी करून घेताना मला ती मुदत भरपूर वाटली. कचेरीचे शिरस्तेदार, म्हणजे तिथल्या सगळ्या कारकुनांचे वडीलधारे, माझ्याच मुलखातले. मी त्याच आठवड्यात त्यांना गाठलं. ते पान लावता लावता म्हणाले, "पाठवा. बसू दे. उमेदवारांना कोण अडवतं?" उमेदवारी म्हणजे पगाराची जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी बसायचं, नकला करायच्या, शिरस्तेदारांच्या डोळ्यासमोर राहायचं. पुढं जागा निघाली की समोर दिसणाऱ्याचं नाव वर जातं. रीत साधी होती आणि मला पाठ होती.

घरी येऊन मी मुलाला उपदेश केला. तो मला अजून शब्दन् शब्द आठवतो, कारण पुढं पुष्कळ जणांनी मला तो म्हणून दाखवला. "उद्यापासून कचेरीत जाऊन बस. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, दौत-बोरू आपले न्यायचे. कुणाला त्रास द्यायचा नाही. दिलेलं काम करायचं, मोबदला मागायचा नाही. आणि बोलावल्याशिवाय जागचं उठायचं नाही."

त्यानं यातली एकही गोष्ट मोडली नाही. तिथंच सगळं बिघडलं.

कचेरीला बाहेर लांबलचक ओसरी होती. तिथं मुकदमेवाले बसत. हद्दीचे, बांधाचे, भावाभावांचे तंटे घेऊन खेड्यापाड्यांतून आलेले लोक पुकारा होईपर्यंत तिथं पडून असायचे. आत मोठी खोली, तिच्यात सतरंजी, सतरंजीवर कारकून आणि त्यांच्या मागं उमेदवार. मामाच्या भाच्याला ओसरी आणि सतरंजी यांत प्रश्न पडत नाही. माळ्याच्या मुलाला कुणी बोलावल्याशिवाय त्या सतरंजीवर पाय ठेवावा हे सुचलंही नाही. त्यात मास्तरांचा हुकूम की बोलावल्याशिवाय उठू नको. तो ओसरीवर खांबाला टेकून बसला.

पहिल्या दिवशी चपराशानं विचारलं, "कोनता मुकदमा?"

तो म्हणाला, "मले बसाले सांगतलं हाय."

चपराशाला हे पटलं. तिथं बसलेल्या प्रत्येकाला कुणीतरी बसायलाच सांगितलेलं असतं.

रोज संध्याकाळी तो माझ्या घरावरून जायचा. मी दारातूनच विचारायचो, "काय, बसलास?"

"बसलो, मास्तर."

"काम देतात का?"

"पुष्कळ देतात."

"काय काय?"

"समन्स वाचून दाखवतो. अर्ज लिहून देतो."

आता कुणाचे समन्स आणि कुणाचे अर्ज, एवढं विचारायला काय जात होतं? मी विचारलं नाही. मला वाटलं, शिरस्तेदारांनी पहिल्याच महिन्यात मुलाला समन्साच्या कामाला लावलं. मी शाळेत दुय्यम मास्तरांना सांगितलं. देवळात कीर्तनाला गेलो तिथंही सांगितलं. शिरस्तेदार चार पावलांवर बसले होते, त्यांच्याकडे बघून मी मान लववली. त्यांनीही लववली. पुढं कळलं की त्यांना वाटलं होतं, मास्तर पाठवणार होते तो मुलगा आलाच नाही, गेला असेल कापसाच्या गाडीवर, आणि मास्तर ओशाळून मान लववतायत.

बाप मधे एकदा रस्त्यात भेटला. त्याच्या मनात वेगळाच घोळ होता.

"मास्तर, कचेरीत पगार भोपयात देतात का?"

मी म्हटलं, "भोपळ्यात? म्हणजे?"

"पोरगं रोज काईबाई घेऊन येते. काल भोपया. परवा पेरू. एक डाव कोंबडीचं पिल्लू आनलं. माया घरी भाजीचा ढीग पडला हाय न हे पोट्टं माळ्याच्या घरी भोपया घेऊन येते. शेजारी हासून राहिले."

मी त्याला समजावलं की वरचे लोक खूष झाले की अशी भेट देतात. हे मी कशाच्या आधारावर बोललो, देव जाणे. पण मास्तरकीची एक खोड आहे. विचारल्यावर माहीत नाही म्हणायची जिभेला सवय राहात नाही.

शिमगा झाला. शाळेचं छप्पर गळत होतं, त्याचा अर्ज घेऊन मी कचेरीत गेलो. बाहेरच्या ओसरीवर बरीच गर्दी एका खांबाभोवती जमली होती, मी तिला वळसा घालून आत गेलो. अर्ज दिला, पान घेतलं आणि सहज म्हटलं, "आमचा मुलगा काय म्हणतो?"

शिरस्तेदार म्हणाले, "कुठला मुलगा?"

"माळ्याचा."

"तो आलाच कुठं? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही."

मी सतरंजीवरची डोकी मोजल्यासारखी बघितली. सगळी पागोटी होती, ते पागोटं नव्हतं. माझ्या तोंडातलं पान तसंच राहिलं. मी म्हटलं, "अहो, तो रोज येतो. समन्स वाचतो."

शिरस्तेदारांनी चपराशाला हाक मारली. चपराशी म्हणाला, "माळ्याचा? तो खांबापासचा? त्याचा मुकदमा लय जुना हाय साहेब. दिवाळीपासून तारीखच लागून नाई राहिली बिचाऱ्याची."

मी बाहेर आलो. ज्या गर्दीला वळसा घातला होता तिच्या मधोमध तो बसला होता. गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद, समोर एक म्हातारा. तो म्हाताऱ्याला त्याचंच समन्स वाचून दाखवत होता, हळू, एकेक ओळ दोनदा. शेवटी विचारत होता, "आता तुमी सांगा, काय लिवलं हाय यात?" आणि म्हाताऱ्यानं बरोबर सांगेपर्यंत सोडत नव्हता. बाजूला लिंबाखाली बसणारा अर्ज लिहिण्याचा धंदेवाला त्याच्याकडे असा बघत होता की डोळ्यांनी मारता आलं असतं तर चार महिन्यांपूर्वीच मारलं असतं. कारण हा फुकट लिहायचा. मोबदला मागायचा नाही, असं मास्तरांनी सांगितलं होतं ना.

मी म्हटलं, "अरे, आत का नाही बसलास?"

तो उभा राहिला. माझ्याशी तो नेहमी शाळेतलं मराठी बोलायचा, त्या दिवशी ते सुटलं. "आत कोनी बोलावलं नाई, मास्तर. तुमीच म्हटलं होतं, बोलावतीन तवा उठ."

त्यानं आत सतरंजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला समजलं. तो खाली बसला, म्हाताऱ्याचा कागद नीट घडी करून त्याच्या हातात दिला आणि आपला बोरू पुसायला लागला. पुसून झाला तरी पुसतच होता.

आत शिरस्तेदारांनी सांगितलं की दोन जागा निघाल्या होत्या. नावं आठवड्यापूर्वीच साहेबाच्या सहीला गेली. "समोर दिसला असता तर त्याचंही घातलं असतं हो," ते म्हणाले. घातलं असतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. पण तो समोर दिसला नाही याचं श्रेय माझं, त्यात वाटेकरी नाही.

पाडव्याला पंधरा दिवस राहिले होते.

शिरस्तेदारांनी एक चिठ्ठी दिली, अकोल्याच्या कचेरीतल्या दफ्तरदारांच्या नावे. मी शाळा दुय्यम मास्तरांच्या गळ्यात घातली. जायचं कसं? बाप म्हणाला, "गाडी अकोल्याले कापूस घेऊन जाऊनच राहिली हाय. पोरगा हाकन. तुमी वरतं बसा." त्याला सगळं कळलं होतं, पण तो मला एक शब्द बोलला नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर प्रवास बरा झाला असता.

तीन दिवस मी कापसाच्या बोजांवर बसून गेलो. चैत्राकडचं ऊन, पुढं शंभर गाड्यांचा धुरळा, मागं शंभर गाड्यांचा. मूर्तिजापुराच्या पुढं मी त्याला म्हटलं, "चूक माझी आहे." तो बैलांना हाकत म्हणाला, "हाव." बस, एवढंच. मी अजून थोडी वाट बघितली. त्यानं बैलाची शेपटी पिळली.

अकोल्याच्या बाजारात वेगळीच कळा होती. गाड्या भरलेल्या उभ्या होत्या आणि कुणी माल उतरवून घेत नव्हतं. अडते हात मागं बांधून फिरत होते. तिकडची लढाई संपत आली म्हणे. कालच्या भावाला आज कुणी हात लावेना. गाडीवाले चाकांच्या सावलीत बसून होते. मुलानं आपली गाडी रांगेत लावली, बैल सोडले, तोंड धुतलं, पागोटं बांधलं. मी तसाच निघालो. दफ्तरदारांच्या समोर जाऊन नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, "माल कुठला?" माझ्या मिशांत, शेंडीत, कानांत कापूस होता. मी पिंजून काढलेल्या गादीसारखा दिसत असणार.

चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "उमेदवार पुष्कळ आहेत." मी बोलायला लागलो. मुलाचं अक्षर, गणित, चालचलणूक. दफ्तरदारांनी माझं ऐकता ऐकता समोरच्या ढिगातला एक कागद ओढला आणि मुलापुढं धरला. कुणा पाटलानं लिहिलेला अर्ज, घामानं पुसलेला, मोडी अक्षरांचे कोंबडीचे पाय झालेले. "वाच."

त्यानं वाचला. अडला नाही. मधे एका ठिकाणी थांबून म्हणाला, "इथं लिहिणाऱ्यानं विहीर गाळली आहे. हद्द विहिरीपासून असणार, नाही तर पुढचं जुळत नाही."

दफ्तरदारांनी कागद परत घेतला, बघितला. "कुठं शिकलास हे?"

मी घाईनं म्हटलं, "माझ्या शाळेत."

मुलगा म्हणाला, "उमरावतीच्या कचेरीच्या ओसरीवर. बाहेरच्या."

मी त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. दफ्तरदारांनी माझ्याकडे बघून भुवई वर केली आणि सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. मग म्हणाले, "बस इथं. पगार नाही. नेमणुकीचं पुढं बघू."

मला हायसं वाटलं. मी नमस्काराला हात जोडलेही. पण मुलगा उभाच. म्हणाला, "बसायचं कुठं, ते दाखवता का? आणि किती दिवस?"

असा प्रश्न कुणी उमेदवारानं विचारलेला मी तोपर्यंत ऐकला नव्हता. सतरंजीवरचे बोरू थांबले. दफ्तरदारांनी बोरूनंच एक जागा दाखवली, खांबाच्या आत, दुसऱ्या रांगेत. "तिथं. आणि आमचा जुना कारकून दिवाळीला घरी बसणार आहे, तोपर्यंत. त्याच्या जागी तुझं नाव लिहीन. लिहिलं नाही तर दिवाळीनंतर येऊ नको."

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला घेऊन स्वतः कचेरीत जात आलोय. मनगट धरतो, सतरंजी दाखवतो, वर पाय ठेवायला लावतो, खाली बसवतो आणि मग बाहेर येतो. हसतात लोक. एका वर्षी सात मुलं नेली, सातदा गेलो. चपराशी म्हणायचा, मास्तर मुलांना शाळेत आणून सोडतायत. म्हणू दे. गुडघे आता तेवढे साथ देत नाहीत, एवढीच तक्रार आहे.

पण तेव्हा अजून पाडवा राहिला होता. दिवाळी म्हणजे मुदतीच्या पुढं सात महिने, तेही बिनपगारी, आणि गाडीला माणूस नाही. कापूस पडेल भावात देऊन आम्ही परत आलो. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मळ्यात गेलो. विहिरीवर मोट चालू होती. बाप मोटेवर, आई खाली बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. या बाईनं आजवर माझ्याशी एक अक्षर बोललेलं मला आठवत नव्हतं. मुलगा पाणी वळवत होता आणि आमच्याकडे पाठ करून ऐकत होता.

मी सगळं सांगितलं. जागा, खांब, दुसरी रांग, दिवाळी. जेवणाचं काय, तर अकोल्याजवळ बार्शीटाकळीला मुलाचा मामा होता, तो आठवड्याला शिधा पोचवील. बापानं बैल थांबवले.

"दोन गाड्या हायेत," तो म्हणाला. "एक हाकाले मानूस नोता भेटत. आता दोन्ही उभ्या राहतीन असं दिसते."

मी काही बोललो नाही. एवढं शहाणपण अकोल्याला जाऊन आलं होतं.

"बसू द्या," तो म्हणाला. "गाडीलेबी बसाचंच हाय. दिवाळीपर्यंत पायतो." आणि त्यानं बैल पुन्हा हाकले.

मुलगा वळला नाही. फक्त पाणी ज्या वाफ्यात जात होतं त्याच वाफ्यात जात राहिलं, वाफा भरून वाहायला लागला तरी.

मला तिथून उठवेना. कौतुकाचं काहीतरी बोलावं म्हणून मी आईला म्हटलं, "मुलगा फार हुशार आहे तुमचा. आता बघा, मी सांगितलं तसं वागला तर कुठल्या कुठं जाईल."

तिनं जुडी बांधून उरलेला दोर दातानं तोडला, जुडी टोपलीत टाकली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हुशारच हाय तो, मास्तर," ती म्हणाली. "तुमी काई सांगतलं नसतं, तं पयल्याच दिवशी आत जाऊन बसला असता."